लाडू वळणारा बर्फ

कारखानीस वहिनी माझ्या नवऱ्याच्या छातीवर बर्फ थापत होत्या.

नवऱ्याच्या म्हणजे नवऱ्याच्या स्वेटरच्या. पण खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरलेली, बाहेर सगळं पांढरं, आणि त्यात तो तपकिरी स्वेटर दोन्ही हात पसरून उताणा पडलेला. मला क्षणभर माणूसच वाटला. वहिनी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी आधी एक बाही सरळ केली, मग दुसरी. गळ्याची पट्टी दुमडली होती, ती बोटांनी सोडवली. दोन ओंजळी बर्फ घेऊन अंगभर पसरला आणि केरसुणीनं हलक्या हातानं बडवायला लागल्या. तोंडानं काहीतरी गुणगुणणं चाललं होतं.

मी काच पदरानं पुसली आणि बघत राहिले. मागे चहा उतू गेला.

ही अडुसष्ट सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, लग्नाला आठ महिने झाले होते. हे, म्हणजे श्रीपाद खासनीस, बटाट्याच्या बियाण्याच्या सरकारी केंद्रात नोकरीला होते. ते केंद्र रोहतांग खिंडीच्या पलीकडे, लाहौल खोऱ्यात. मी कऱ्हाडची. सप्टेंबरात बसनं खिंड ओलांडून आले आणि महिन्याभरात बर्फानं खिंड बंद झाली. ती जूनपर्यंत उघडत नसे. तोवर पत्र नाही, भाजी नाही, माहेर नाही. केंद्रात मराठी घरं दोनच. आमचं, आणि शेजारी भिंतीला भिंत लागून कारखानीस साहेबांचं. साहेब यांचे वरिष्ठ. पन्नाशीचे, गुडघेदुखीनं बेजार, थंडीत घरातूनच काम बघायचे. वहिनी त्यांच्याहून बऱ्याच लहान. चाळिशीच्या, पण चालण्यात, बोलण्यात माझ्यापेक्षा तरण्या. मुलगी सुनंदा पुण्याला वसतिगृहात होती. वहिनींचा तिथला सातवा हिवाळा होता आणि त्यांना सगळं येत होतं. गोठलेला नळ सोडवणं, सातूच्या पिठाच्या भाकरी, लोकर कातणं, तिथल्या बायकांशी त्यांच्या बोलीत थट्टा करणं. आणि कुठलीही गोष्ट मला येत नसली, की हे म्हणायचे, "वहिनींना विचार."

त्या दिवशी संध्याकाळी हे आले तेव्हा स्वेटर अंगात होता.

"तुमचा स्वेटर वहिनींकडे कसा गेला?"

"त्यांचे कपडे घालत होत्या बर्फात. म्हणाल्या, द्या तुमचाही."

"मला सांगायचं होतं. मी केला असता."

"तुला कुठं येतंय ते."

हे सहज म्हणाले आणि बूट सोडायला लागले. बुखारीजवळ, म्हणजे ती धुराड्याची लोखंडी शेगडी असते तिच्याजवळ, मी ताट ठेवलं. हे दूर, दाराशी बसूनच जेवले. रोज तसेच बसायचे. जेवण झालं की बिछाना घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. बाहेरच्या खोलीत बुखारी नव्हती. "तुला ऐसपैस झोप लागू दे," एवढंच म्हणायचे. सुरुवातीला मला वाटलं लाजत असतील. मग डिसेंबर उलटला. बाईला नवऱ्यानं असं ठेवलं की ती कारण शोधते, आणि मला कारण शेजारीच सापडलं.

पुढच्या रविवारी स्वेटर पुन्हा बर्फात. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी मोजत होते.

शेवटी मीच वहिनींच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मला शिकवा."

"काय गं?"

"ते बर्फाचं. माझ्या घरातली लोकर मला स्वच्छ करता आली पाहिजे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. राग चेहऱ्यावर आला असेल तर त्यांना दिसला असणार. पण त्यांनी नुसते पायात बूट चढवले आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या.

"पहिलं म्हणजे, उबदार कपडा बर्फात घालायचा नाही. अर्धा तास दोरीवर टांगायचा, चांगला गारठू द्यायचा. नाहीतर त्याच्याच उबेनं बर्फ वितळतो आणि घाण आत जाऊन बसते."

"बरं."

"दुसरं, बर्फ कोरडा पाहिजे. हा बघ." त्यांनी मूठभर घेऊन दाबला, मूठ उघडली. बर्फ बोटांतून भुरभुर खाली पडला. "रवा कसा सुटा असतो, तसा. असा पडला तर कपडा त्यात घालायचा. हवा उबट असली की हाच बर्फ ओला होतो, मग मुठीत लाडू वळतो. लाडू वळला की सरळ घरात यायचं आणि चहा करायचा. ओल्या बर्फात लोकर घातलीस तर गेली म्हणून समज."

"आणि बडवायचं किती?"

"पापड लाटतेस तसा हात ठेव. खालचा बर्फ करडा झाला की उचलून नव्या जागी घालायचा. करडा व्हायचा थांबला की झालं."

मी माझी लोकरी टोपी बर्फात घालून पाहिली. बर्फ खरोखरच करडा झाला, टोपी झाडल्यावर नव्यासारखी. एरवी मी हरखले असते. पण मनात एकच, की पुढच्या रविवारी हे स्वेटर मला देतात की नाही.

पुढच्या रविवारी हे आंघोळ करून उठले, स्वेटर घडी करून काखेत घेतला आणि शेजारच्या दाराकडे निघाले.

"आता मला येतं," मी म्हटलं.

हे थांबले, गोंधळले. "असू दे. वहिनी बाहेर बसल्याच आहेत."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फेब्रुवारी संपत आला. एका सकाळी अंगमो आली. अंगमो म्हणजे केंद्रात बटाटे निवडायला येणारी बाई, खालच्या वस्तीत राहायची. तिच्या भावजयीचे दिवस भरले होते, पोट दुखायला लागलं होतं, आणि तिला वहिनीच हव्या होत्या. वहिनींनी नुकतीच दोरीवर शाल टांगली होती. पांढरी, साईच्या रंगाची. दोन हिवाळे स्वतः लोकर कातून त्यांनी ती खालच्या विणकराकडून विणून घेतली होती. जूनमध्ये सुनंदाचं लग्न होतं, त्यासाठी. विणताना धुराचा करपट रंग बसला होता, तो काढायचा होता.

"वेणू, अर्ध्या तासानं ही बर्फात घाल गं," वहिनी डोक्याला रुमाल बांधत म्हणाल्या. "आधी मूठ वळून बघ मात्र."

"बघते."

"भावजी, चला, मला उतारापर्यंत सोडा. तिथं काच झालीय नुसती."

हे लगेच निघाले. मी उभी राहून बघत होते. उतारावर यांनी काठी पुढे केली. वहिनींनी एक हात काठीला धरला, दुसरा यांच्या खांद्यावर ठेवला. पाय घसरला तसे दोघंही खाली बसले आणि हसायला लागले. हसण्याचा आवाज वरपर्यंत आला. माझ्यासमोर हे असे कधी हसले नव्हते. मग अंगमो, वहिनी आणि हे, तिघंही वळणाआड दिसेनासे झाले. उतारापर्यंत सोडायला गेलेला माणूस वस्तीपर्यंत गेला.

अर्धा तास झाला. मी बाहेर आले. दक्षिणेकडून ढग आले होते, वारा उबट झाला होता. छपराला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांतून पाणी ठिबकत होतं. मी वाकून मूठभर बर्फ उचलला आणि दाबला.

लाडू वळला. घट्ट, गुळगुळीत. मी तो कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवला.

दुसरी मूठ घेतली. तोही वळला. तिसरा वळला. एकेक करून भिंतीवर मांडत गेले. पाच झाले. बोटं बधिर झाली होती. मी उतारावर पाहिलं. कोणी येत नव्हतं.

मग दोरीवरची शाल काढली आणि बर्फात घातली.

धुराड्याच्या बाजूला घातली, जिथं बर्फावर काजळी बसलेली असते. वर बर्फ टाकला आणि बडवली. पापड लाटते तसा हात नाही ठेवला. उचलली तेव्हा शाल जड झाली होती, पाणी गळत होतं, आणि तिच्यावर काळे ओघळ उठले होते. मला तिथंच थांबता आलं असतं. मी ती घरात आणली. बुखारीवर गरम पाण्याचं पातेलं होतं. त्यात शाल बुडवली, साबण लावला आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळली. ओघळ काढते आहे असं मी स्वतःला सांगत होते. लोकर गरम पाण्यात चोळली की काय होतं, हे कऱ्हाडच्या मुलीलाही माहीत असतं.

दुपार उलटल्यावर ढग गेले, पुन्हा कडाका पडला. चारच्या सुमारास दोघं आले. खालच्या वस्तीत मुलगी झाली होती, सुखरूप. वहिनी आनंदात होत्या. बुखारीशेजारी खुर्चीवर वाळत घातलेली शाल दिसली आणि त्या थांबल्या.

शाल आक्रसून लहान मुलाच्या दुपट्याएवढी झाली होती. कांबळ्यासारखी जाड, कडक.

"काय केलंस हे?" यांचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "डाग पडले होते. मी धुवायला गेले. मला काय कळतंय त्यातलं."

वहिनींनी शाल उचलली. कडा चाचपल्या, दोन्ही हातांनी ताणून पाहिली. ती ताणली जाईना. दोन हिवाळ्यांची कताई होती. त्यांनी ती पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"तिला नका बोलू, भावजी," त्या म्हणाल्या. "मीच घाईत होते. नीट सांगितलं नाही तिला."

त्यांनी मला वाचवलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. यांच्यासमोर मी मूर्ख ठरले आणि त्या मोठ्या मनाच्या.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर तासाभरानं वहिनी आल्या. हातात ताटली होती. ताटलीत बर्फाचा गोळा. रात्रीच्या गारठ्यानं दगडासारखा झालेला. त्यावर माझी चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटला होता.

"हे तुझे ना?"

"असतील कुणाचे तरी."

"अंगमोची बोटं एवढी बारीक नाहीत. आणि साहेब काही गुडघे धरून लाडू वळायला बसणार नाहीत."

मी बुखारीत लाकूड सारलं.

"मी एक वळून बघायला सांगितला होता, वेणू. तू पाच वळलेस. म्हणजे पाचदा विचार केलास." त्यांनी ताटली खाली ठेवली आणि पाटावर बसल्या. "शाल गेली, ती गेली. पण राग कशाचा होता, तेवढं मला कळू दे."

आधी मी बोलणार नव्हते. पण त्या उठेनात. मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. की तुम्हाला सगळं येतं. की यांच्या तोंडी दिवसभर तुमचं नाव. की यांचा स्वेटरसुद्धा मला हात लावायला मिळत नाही, तुम्ही त्याला बर्फात निजवता आणि गाणी म्हणता. की घरात आले की दाराशी बसतात आणि बाहेर थंडीत जाऊन झोपतात, आणि तुमच्या बरोबर उतारावर हसतात.

वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत? अजून?"

"पहिल्या दिवसापासून."

"तू बसमधून उतरलीस तेव्हा त्यांना काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

"नाही."

"मी होते तिथं. ते तुझी ट्रंक घ्यायला पुढे आले. तू नाकाला पदर लावलास. म्हणालीस, शी, मेंढरांत उभं राहिल्यासारखं वाटतंय, जरा लांब राहा."

"मला गाडी लागली होती," मी म्हटलं. "खिंडीपासून उलट्या होत होत्या. मी सहज बोलले."

"तू सहज बोललीस. ते अजून लांबच आहेत." वहिनी जराशा हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "जानेवारीत माझ्याकडे आले. म्हणाले, वहिनी, या लोकरीचा वास कशानं जातो का? एवढा एकच स्वेटर, धुतला तर वाळायला उन्हाळा उजाडायचा. मी म्हटलं, बर्फात घालू. तेव्हापासून दर रविवारी येतात. स्वेटर झाडून दिला की मला हुंगायला लावतात. आता येतो का, वहिनी? मी आपली म्हणते, नाही येत. त्यांना खरं वाटत नाही. पुन्हा पुढच्या रविवारी."

माझ्या नवऱ्याचा स्वेटर त्या हुंगत होत्या, हे त्या घडीलाही मला टोचलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती मला. तुला वाईट वाटेल म्हणून." त्या उठल्या, पाटावरून पदर झटकला. "कालचं मी भावजींना सांगणार नाही. सांगावंसं वाटलं तर तूच सांग."

गोळा तसाच ताटलीत राहिला. बुखारीच्या धगीनं त्यावरची बोटं आधी गेली, मग तो.

संध्याकाळी हे आले, दाराशी बसायला लागले. मी पाट उचलून बुखारीजवळ मांडला. "इथं बसा," म्हटलं. हे बसले. मी शेजारी बसले आणि यांची बाही ओढून नाकाशी धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"वास येत नाही," मी म्हटलं.

"नाही ना?"

"नाही."

यांनी पुढे काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत गेले आणि बिछान्याची वळकटी घेऊन आत आले. मला वाटलं, माझ्या त्या दोन शब्दांनी काम झालं.

शालीचं मी सांगितलं नाही. त्या दिवशी सांगवलं नाही, दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही, आणि मग सांगण्याची वेळ निघून गेली. वहिनींनी ती आटलेली शाल कापून साहेबांच्या गुडघ्यांना पट्ट्या शिवल्या. साहेब म्हणायचे, इतकी ऊब आजवर कशानं मिळाली नाही. उरलेला हिवाळा मी वहिनींजवळ बसून लोकर कातली. माझा धागा कुठं सुतळी, कुठं केस. शालीएवढा काही झाला नाही. जूनमध्ये खिंड उघडली, सुनंदाला कुलूच्या बाजारातली शाल मिळाली.

पुढे बदल्या झाल्या. आम्ही पुण्यात स्थिरावलो, ते नाशिकला. येणं-जाणं चालू राहिलं. चार माणसं जमली की हे ती गोष्ट रंगवून सांगायचे. "आमच्या हिला काय, बर्फ म्हणजे बर्फ. कोरडा काय, ओला काय. वहिनींची शाल घेतली आणि पातेल्यात घालून शिजवली." सगळे हसायचे. मीही हसायचे. वहिनी असल्या तर त्याही हसायच्या, चहाचा कप ओठांशी नेत, माझ्याकडे न बघता. दर वेळी मला वाटे, आज बोलतील. त्या कधीच बोलल्या नाहीत. त्यांचे उपकार होते, आणि उपकार वागवायला जड असतात. वयाच्या साठीतसुद्धा हे "वहिनींचा फोन" म्हणून उठले, की मी हातातलं काम थांबवून कान देत असे.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात सुनंदाचा फोन आला. वहिनी झोपेतच गेल्या. ते ऐकून हे आरामखुर्चीत बसले आणि चष्मा काढून रडले. मी पाठीवर हात ठेवला. खरं सांगते, पहिला विचार आला की आता कुणालाच माहीत नाही. आणि दुसरा, की माझ्यासाठी हे असे रडतील का.

त्या विचारांची मला लाज वाटली. आठव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी यांच्यासमोर बसले.

"तुम्हाला एक सांगायचंय. लाहौलच्या शालीचं. मला बर्फ कळत होता. लाडू वळला होता. मी मुद्दाम घातली."

हे सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पाच गोळे वळले होतेस."

"कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. त्याच सकाळी. तुझ्याकडे यायच्या आधी ऑफिसात आल्या होत्या. दोन गोळे होते ताटलीत, एक माझ्या टेबलावर ठेवला. माझ्या फायली भिजल्या." यांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली. "म्हणाल्या, भावजी, जिला तुमची किळस येते ती बाई तुमच्यापायी माझी शाल नासवणार नाही. आज बिछाना आत न्या."

 एकेचाळीस वर्षं मी समजत होते की ती बाही मी हुंगली म्हणून वळकटी आत आली.

"म्हणजे बाहेरच्या खोलीचं नवल केलं, भावजींना सांगणार नाही म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला सांगून आल्या होत्या?"

"हो."

"आणि चार लोकांत तुम्ही जे सांगत होतात, मला बर्फ कळत नव्हता म्हणून?"

"मग काय सांगायचं होतं? कोणी विचारलं तर तेच सांगायचं, असं आमचं दोघांचं ठरलं होतं."

"तुमचं दोघांचं."

"तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गं."

"आणि त्या चहा पिताना हसायच्या, त्या तुमच्याकडे बघून हसायच्या."

"वेणू," हे म्हणाले, "सुपारी घेतेस का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत यांच्याशी एक शब्द बोलले नाही. वहिनींना जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.